तळं आधी कागदावर आणा: पाणथळ जागा कायद्यानं राखायची वाट

एप्रिलमध्ये पाणथळ जागा बघायला गेलात तर भेगाळलेलं काळं रान दिसतं, कडेनं बेशरमाची झुडपं आणि मधल्या डबक्यात बसलेल्या चार म्हशी. तलाठ्याच्या दप्तरात नोंद असते ‘पडीक’. त्याच जागी सप्टेंबरात गेलात तर पायवाट पाण्याखाली गेलेली असते, लव्हाळ्यात कमळपक्षी चालत असतो, आणि गावातल्या खालच्या आळीच्या विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. सरकारला यातली एप्रिलची जागा दिसते, कारण कागद एप्रिलचा आहे. म्हणून आधी सप्टेंबरची जागा कागदावर आणायची. ते झालं नाही तर मोर्चे, पोस्टर, पक्षीनिरीक्षणाच्या सहली या सगळ्यानंतरही एक दिवस तिथं भराव पडतो आणि ‘इथं तळं होतं’ हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते.

खालची वाट महाराष्ट्रातली आहे. केंद्राचे नियम देशभर एकच असले तरी महसुली दप्तर, ग्रामपंचायत आणि नगररचना यांचे कायदे राज्यागणिक बदलतात.

आधी दप्तर

पहिल्या दिवशी तळ्यावर जाऊ नका. गट नंबर काढा. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात, गाव नकाशाही मिळतो. तळं बहुतेक वेळा एका गटात मावत नाही. थोडं सरकारी, थोडं गायरान, थोडं चार-पाच खातेदारांच्या वावरात असतं. खाजगी सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ बघा आणि तो ‘अ’ की ‘ब’ ते नीट पाहा. ‘अ’ म्हणजे लागवडीला नालायक, ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, तळं अशा सार्वजनिक उपयोगाला राखलेली जमीन. हे एक अक्षर पुढं फार कामाला येतं.

मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा आणि मिळाला तर टिपणाचा (मूळ मोजणीच्या नोंदीचा) उतारा मागा. जुन्या नकाशांवर ओढे, तळी, सांडवे बारकाईनं काढलेले असतात, आजच्या नकाशांवर ते पुसट झालेले असतात. विदर्भात असाल तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज चुकवू नका. मासेमारीचे, पाण्याचे, वहिवाटीचे जुने हक्क तिथं लिहिलेले असतात. गाव नमुना १-इ ही अतिक्रमणांची नोंदवही आहे, तिचीही नक्कल घ्या. तळ्यात कोण आधीच शिरलंय ते त्यात कळतं, आणि अतिक्रमण असूनही नोंद नसेल तर तेही कळतं.

नदी, नाले, तलाव यांचं पात्र, ज्यावर कुणाची मालकी सिद्ध नाही, ते महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाचं. कलम ५० खाली त्यावरचं अतिक्रमण जिल्हाधिकारी काढू शकतात. गावतळ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्व राज्यांना अतिक्रमणं हटवण्याची योजना करायला सांगितलं. प्रकरण पंजाबातल्या एका गावतळ्याचं होतं, पण निकाल तुमच्या तहसीलदारालाही लागू आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. फरक पडतो.

सप्टेंबरात हद्द

इथं मी खाल्लेली ठोकर सांगतो. आमच्या भागातल्या एका तळ्याची मोजणी आम्ही मोठ्या उत्साहानं करून घेतली ती मे महिन्यात, कारण भूकरमापकाची तारीख तेव्हाची मिळाली होती. त्यानं जिथं ओल दिसली तिथं खुणा केल्या. आम्ही सह्या केल्या, पेढे वाटले. पावसाळ्यात पाणी त्या खुणांच्या पार वर, शेजारच्या बाभळीच्या रांगेपर्यंत गेलं. पण कागदावर आता आमच्याच सहीनं तळं जवळजवळ निम्मं झालं होतं. उरलेल्या निम्म्याला ‘लगतची मोकळी जागा’ असं नाव मिळालं. मोकळ्या जागेला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

तेव्हा हद्द ठरवायची ती पाणी सर्वांत वर असताना. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बरा. तीन-चार जणांनी मोबाइलवर जीपीएस लावून पाण्याच्या कडेनं पूर्ण फेरी मारायची. दर पन्नास पावलांवर फोटो घ्यायचा आणि त्यात दूरची एखादी न हलणारी खूण येऊ द्यायची: देवळाचा कळस, विजेचा टॉवर, पुलाचा कठडा. नुसत्या पाण्याचा फोटो कुठलाही असू शकतो. गुगल अर्थवर मागच्या वर्षांच्या प्रतिमा बघता येतात, त्यातल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जपून ठेवा. इस्रोच्या भुवन पोर्टलवरही पाणथळ जागांचे थर पाहता येतात.

पाणी नसतानाही पाण्याची सही राहते. पाणकणीस, लव्हाळा, झाडांच्या बुंध्यांवर एका उंचीला थांबलेली गाळाची रेघ, कोरड्या मातीत शिंपल्या आणि गोगलगाईंचे शंख. उन्हाळ्यात पंचनामा करायची वेळ आली तर ही लक्षणं त्यात शब्दांत लिहून घ्या. ‘सर्वत्र पाहणी केली’ एवढ्यावर सही करू नका.

दुसरी फेरी पाण्याच्या वाटांची. कुठल्या ओढ्यानं येतं, कुठल्या सांडव्यानं जातं, रस्त्याखालच्या किती मोऱ्या त्यासाठी आहेत. तळ्याला हात न लावता तळं मारता येतं, मोरी बुजवली की झालं. नवी मुंबईत सीवूड्सच्या डीपीएस तलावाबाबत हेच घडलं. भरतीचं पाणी आत येण्याची वाट अडली आणि रोहित पक्ष्यांचं ते ठिकाण २०२४ मध्ये कोरडं पडायला लागलं. त्यावर बराच झगडा झाला.

तुमची जागा व्याख्येत बसते का?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली केंद्रानं २६ सप्टेंबर २०१७ ला पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम काढले. व्याख्या ऐसपैस आहे: नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायम वा हंगामी, गोडं, मचूळ वा खारं, साचलेलं वा वाहतं, आणि समुद्राच्या बाजूला ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल. पण पुढच्याच ओळीत वगळलेल्यांची यादी येते: नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना.

महाराष्ट्राला यातला ‘सिंचन’ हा शब्द सगळ्यांत जास्त बोचतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पाणपक्ष्यांचे आणि ढिवरांच्या मासेमारीचे ठिकाण. पण बांधले शेतीला पाणी द्यायला. म्हणजे अधिकारी म्हणू शकतो की हे नियमांत येत नाहीत. मला ही तरतूद चुकीची वाटते. शंभर-दोनशे वर्षांत तिथं जे जग उभं राहिलं ते मूळ हेतूपुरतं उरलेलं नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर बघा. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा घातला, गाळ साचत गेला, बेटं झाली, दलदल झाली, आणि २०२० मध्ये तेच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

मामा तलावासारखी जागा असेल तर दुसरे दरवाजे ठोठवा. वनहक्क कायदा २००६ पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य करतो. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथं देवराईतली रानटी जायफळाची दलदल अशीच वारसा स्थळ झाली. क्षेत्र अवघं २.५९ हेक्टर. लहान जागेला कायदा नाही म्हणणाऱ्यांना हे उदाहरण द्या.

किनाऱ्यावर असाल तर वाट आणखी वेगळी. वनकायदे, वन्यजीव कायदा आणि सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) यांखाली आलेल्या भागांना २०१७ चे नियम लागत नाहीत. तिथं वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष, सीआरझेडचे नकाशे आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा खारफुटीबाबतचा निकाल ही तुमची हत्यारं.

ग्रामसभा

ठरावाला कायद्याचं बळ किती यावर वकील वाद घालतात. माझा अनुभव असा की ठराव नसलेली फाईल मंत्रालयात सगळ्यांत खाली जाते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. विषय आयत्या वेळी मांडू नका, आधी लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या लागते.

ठराव विरोधकांमुळे पडतो असं नाही. तो भीतीनं पडतो. कुणीतरी म्हातारा उठतो: “उद्या अभयारण्य झालं म्हंजे? म्हशी कुठं न्यायच्या?” हा प्रश्न खरा आहे, त्याला हसू नका. २०१७ च्या नियमांचं सूत्र ‘सुज्ञ वापर’ आहे, माणसं हाकलणं नव्हे. चालत आलेले हक्क कागदपत्रांत नोंदवावेच लागतात आणि कोणत्या गोष्टींना मुभा राहील याची यादी जागेगणिक ठरते. म्हणून ती यादी ठरावातच घाला. आम्ही वापरलेला मसुदा साधारण असा (‘अधिसूचित’ म्हणजे सरकारनं राजपत्रात जाहीर केलेलं):

“मौजे ____ येथील गट नं. ____ मधील तळे, त्यास पाणी आणणारे ओढे व सांडवा यांसह, पाणथळ जागा नियम २०१७ अन्वये अधिसूचित करावे अशी शिफारस ही ग्रामसभा करीत आहे. गुरांना पाणी पाजणे, स्थानिक मच्छीमारांची पारंपरिक मासेमारी, पाणी ओसरल्यावरची गाळपेर व लव्हाळा कापणे हे चालत आलेले वापर अबाधित राहावेत. भराव टाकणे, कचरा व राडारोडा टाकणे, सांडपाणी सोडणे व पक्के बांधकाम यांस ही ग्रामसभा मनाई करण्याची विनंती करीत आहे. सोबत हद्दीचा नकाशा जोडला आहे.”

खाली सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’. नकाशावरही सरपंचांची सही आणि शिक्का. आणि इतिवृत्ताची नक्कल त्याच आठवड्यात घ्या, ‘नंतर देतो’ला भुलू नका. गाळपेर करणारे एकसाली पट्टेदार आणि मच्छीमार सोसायटी यांना ठरावाआधी घरी जाऊन भेटणं हे सभेतल्या दहा भाषणांपेक्षा मोलाचं.

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही काढून बघा. पुष्कळ ठिकाणी ती कुणीतरी तालुक्याला बसून भरलेली असते आणि तीत तुमच्या तळ्याचा पत्ताच नसतो. समितीची बैठक लावून मासे, वनस्पती, पक्षी, ते केव्हा येतात, कोण काय वापरतं हे त्यात घालून घ्या. पुढं ‘परिसंस्थेचं स्वरूप’ लिहायची वेळ येते तेव्हा निम्मं काम इथंच झालेलं असतं.

शहरात: विकास आराखडा

शहरातलं तळं रात्रीच्या डंपरनं मरतं तसं दिवसाढवळ्या रंगाच्या ब्रशनंही मरतं. आराखड्यात त्यावर पिवळा रंग लागला म्हणजे ते रहिवासी क्षेत्र झालं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे आधी ‘सध्याच्या जमीनवापराचा नकाशा’ बनतो, मग प्रारूप आराखडा, मग हरकती-सुनावणी, मग शासनाची मंजुरी. लोक जागे होतात हरकतींच्या टप्प्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो असं नाही, पण पहिल्या नकाशावर तळं निळं दाखवलेलं असेल तर नंतर त्याचा रंग बदलणाऱ्याला कारण द्यावं लागतं. निळं नसेल तर कारण तुम्हाला द्यावं लागतं.

म्हणून सर्वेक्षण चालू असतानाच नगररचना विभागाला पत्र, सोबत नकाशा आणि फोटो, आणि आवक क्रमांकाची पोच. हरकत लिहिताना ‘पर्यावरणाचा नाश होईल’ असं मोघम लिहू नका. पत्रक क्रमांक, सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक लिहा, काय हवंय ते एका वाक्यात लिहा: ‘सदर क्षेत्र जलाशय म्हणून दर्शवावे व लगतचा नाला मूळ रुंदीनं दाखवावा.’ सुनावणीला बोलावतील तेव्हा तीन मिनिटं मिळतात. एक जुना नकाशा आणि एक सप्टेंबरचा फोटो शेजारी शेजारी ठेवा, बाकी बोलायची फारशी गरज पडत नाही.

राज्याच्या दारात

आतापर्यंतचं सगळं या टप्प्यासाठी. अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्य सरकारचा, शिफारस राज्य पाणथळ प्राधिकरणाची. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपासून सुरुवात करा. प्रस्तावाचा गाभा म्हणजे ‘संक्षिप्त दस्तऐवज’. तो शासनाच्या यंत्रणेनं करायचा असतो, पण त्यांच्याकडे माणसं नसतात. तयार माल नेऊन दिलात तर ते नाही म्हणत नाहीत. त्यात लागतं ते असं: अक्षांश-रेखांशासह आणि जागेवर पडताळलेली हद्द, प्रभावक्षेत्र आणि त्यातला जमीनवापर, परिसंस्थेचं वर्णन, चालत आलेले हक्क, मुभा असलेल्या कामांची यादी, नियंत्रित कामांची यादी, आणि अंमलबजावणी कोण करणार.

प्रभावक्षेत्र हा यातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. तळ्याचं पाणी जिथून येतं, जिथल्या उलथापालथीनं तळं बिघडतं तो सगळा टापू त्यात येतो. वरच्या अंगाला वीटभट्टी, पोल्ट्री किंवा नवी वसाहत असेल तर तिचं सांडपाणी कुठं जाणार ते इथं बांधून घेतलं नाही तर हद्द कितीही नेमकी असो, आत गटार भरेल.

मग प्रारूप अधिसूचना निघते, त्यावर ६० दिवस हरकती येतात. प्राधिकरणाच्या शिफारशीपासून २४० दिवसांत अंतिम अधिसूचना व्हावी असं नियम म्हणतो. प्रत्यक्षात फाईल झोपते. दर महिन्याला एक स्मरणपत्र आणि तीन महिन्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. ‘कार्यवाही काय झाली’ असं विचारू नका, उत्तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं येतं. फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणी भागाच्या प्रती मागा.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही राज्याची तिन्ही रामसर स्थळं रामसरच्या यादीत जाण्याआधी अभयारण्यं होतीच. ज्यांना संरक्षण होतं त्यांना मान मिळाला. गावोगावच्या बिननावाच्या जागांचं काम अजून व्हायचंय.

अधिसूचना येईपर्यंत

‘अधिसूचित नाही, म्हणजे संरक्षण नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. उत्तर तयार ठेवा. एम. के. बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ८ फेब्रुवारी २०१७ ला पाणथळ जागांच्या राष्ट्रीय अ‍ॅटलासमधल्या (नकाशासंग्रहातल्या) सव्वादोन हेक्टरांवरच्या २,०१,५०३ जागांना २०१० च्या जुन्या पाणथळ नियमांतल्या नियम ४ च्या तत्त्वांचं संरक्षण दिलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं नव्या अ‍ॅटलासमधल्या २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष पडताळणी आणि हद्दनिश्चिती करायला राज्यांना सांगितलं. तुमची जागा अ‍ॅटलासमध्ये आहे का हे आजच बघा.

अधिसूचनेनंतर बंदी येते ती भराव, अतिक्रमण, नवे उद्योग व जुन्यांची वाढ, कचरा, राडारोडा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि शिकारीवर. शिवाय गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी कमाल पूरपातळीपासून ५० मीटरांत, होड्यांचा धक्का सोडून, पक्कं बांधकाम नाही.

रात्री भराव पडत असेल तर? पर्यावरण कायद्याचं चाक हळू फिरतं. १ एप्रिल २०२४ पासून त्यातली कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आलाय, आणि तो ठरवायला वेळ लागतो. वेगानं हलणारं खातं म्हणजे महसूल. भरावाला मुरूम लागतो, मुरूम गौण खनिज आहे, आणि पुष्कळ डंपरांकडे वाहतूक परवाना नसतो. महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपट दंड आणि वाहन जप्ती होऊ शकते. ‘पाणथळ जागा बुजवतायत’ या फोनला तहसील कार्यालयातून उद्याचं उत्तर मिळतं, ‘विनापरवाना मुरमाचे चार डंपर आत्ता उभे आहेत, नंबर लिहून घ्या’ याला गाडी निघते. सकाळी पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या, आणि भरावाची लांबी-रुंदी-उंची त्यात उतरवून घ्या.

तरी थांबलं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कलम १४ खालच्या अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. पत्रव्यवहाराच्या नादात ती निघून गेलेली मी पाहिली आहे. पहिल्या भरावाची तारीख कॅलेंडरवर लाल करा.

सुशोभीकरण नावाचा भराव

शत्रू बिल्डरच असतो असं नाही. ‘तलाव सुशोभीकरण’ या मथळ्याचं अंदाजपत्रक आलं की मला धडकी भरते. काठ उभा कापायचा, दगडी पिचिंग, वर जॉगिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक, दिव्यांचे खांब, मध्ये कारंजं. शेकाट्या आणि तुतवार घोट्याइतक्या पाण्यात चरतात, माशांची पिल्लं उथळ गवतात वाढतात. उतरता काठ गेला की हे सगळं जातं आणि उरतो तो मोठा हौद. गाळ काढण्याचंही तसंच. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चांगली, शेताला गाळ मिळतो, पण पोकलेनवाल्याला थांबायचं कुठं हे कुणी सांगत नाही.

त्यामुळे कामाच्या आदेशात या अटी घालून घ्या: गाळ फक्त मध्यातून काढायचा, काठचा उथळ पट्टा सोडायचा, काम पक्षी गेल्यावर आणि पावसाआधी संपवायचं, ट्रॅक पूररेषेच्या बाहेर, काठावर प्रखर दिवे नाहीत. या अटी निविदा निघण्याआधी लागतात. ठेकेदार नेमल्यावर तुम्ही काहीही म्हणालात तरी तो अंदाजपत्रकाकडे बोट दाखवतो, आणि त्याचं खरंही असतं.

अधिसूचना हातात आली की तिची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्या. राजपत्र कुणी वाचत नाही, जमीन घेणारा सातबारा वाचतो. हद्दीचे दगड सप्टेंबरच्या रेषेवर बसवून घ्या, प्रत्येकावर क्रमांक, आणि दरवर्षी त्याच आठवड्यात फेरी मारून प्रत्येक दगडाचा फोटो. आमच्या तळ्याचा सात नंबरचा दगड दोन वर्षांत नऊ पावलं आत सरकला होता. आधीचा फोटो होता म्हणून तो परत जागेवर गेला.